दाद देणे आणि दाद मागणे

'दाद' हा शब्द मराठीत दोन दिशांनी चालतो. न्यायासनापुढे आपण दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. पहिल्या प्रयोगात दाद म्हणजे न्याय. फारसीतही या शब्दाचा तोच अर्थ आहे. दुसऱ्या प्रयोगात न्यायाचा अर्थ पुसट होतो आणि रसिकाच्या औदार्याचा, उत्स्फूर्त मान्यतेचा अर्थ वर येतो. योगायोग असा की, फारसीत 'देणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूपही 'दाद' असेच आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान रचण्याची खोड आपल्याकडे फार आहे आणि तिच्या आहारी जाण्याची माझी इच्छा नाही. परंतु न्याय आणि दान यांच्यामधला हा ताण मला शब्दकोशात भेटण्याआधी एका सभागृहात भेटला होता. त्या संध्याकाळचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही, म्हणून हे लेखन.

१९९८ च्या डिसेंबरात, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी लातूरहून रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला एका गायकाला ऐकण्यासाठी गेलो. गायकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ते दिले, तर त्यांच्यावर प्रेम करणारे वाचक त्यांच्या बचावासाठी उठतील आणि न करणारे मान डोलावतील. माझा प्रश्न दोघांच्याही नजरेतून निसटेल. गायक तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि मी त्यांना कधी पाहिलेले नव्हते. माझ्याजवळ त्यांच्या यमनची एक कॅसेट होती : कोणाच्या तरी मूळ कॅसेटवरून कोणीतरी भरून घेतलेली आणि तिच्यावरून मी भरून घेतलेली. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे. विलंबित ख्याल एके ठिकाणी तुटत असे, 'खट्' आवाज होऊन फीत थांबे, मी उठून बाजू उलटी करी आणि राग पुढे सुरू होई. चार वर्षे असे ऐकल्यावर ते 'खट्' माझ्या यमनचाच एक भाग झाले होते.

या कॅसेटमध्ये एक जागा होती. गायक मध्य सप्तकातल्या निषादावर येऊन थांबतात, धैवताकडे वळतात, पुन्हा निषादावर येतात, आणि श्रोत्याची सहनशक्ती संपत आली की समेवर तार षड्ज लागतो. भरीव, सरळ, जराही न हलणारा. घरात एक मृत्यू झाला त्या वर्षी मी ही जागा किती वेळा ऐकली असेल, हे सांगणे कठीण. एवढेच म्हणतो की, त्या षड्जाने मला उभे केले होते आणि मी त्याचे ऋण फेडायला पुण्याला चाललो होतो.

त्या संध्याकाळी गायकांना दोघांनी हात धरून मंचावर आणले. तानपुरे जुळले तेव्हा पट्टी माझ्या कॅसेटपेक्षा बरीच खालची आहे, हे ध्यानात आले. ती वयाची खूण असे मी समजलो. माझे यंत्रच वाजवीपेक्षा जलद चालत होते आणि चार वर्षे मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या स्वरापेक्षा वर ऐकत आलो होतो, हे ज्ञान पुढचे. त्यांनी यमनच आरंभला. मी त्या जागेची वाट पाहू लागलो. अगदी खरे सांगायचे तर, तोवर जे गायले जात होते ते मी ऐकतच नव्हतो. निषाद आला. धैवत, पुन्हा निषाद. आणि षड्ज लागला नाही. चढता चढता आवाज फाटला, स्वर सूतभर खाली राहिला, दमही पुरला नाही. त्याच क्षणी सभागृहातून वाहवा उठली. ती उपचाराची नव्हती. तिच्यात माझा आवाज होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी होते.

जो स्वर लागलाच नव्हता त्याला मी दाद दिली. मी खोटे बोललो काय?

याचे एक सोयीचे उत्तर आहे. जे. एल. ऑस्टिनने दाखविल्याप्रमाणे भाषेतील सर्वच उद्गार वर्णनपर नसतात. काही उद्गार म्हणजे कृती असतात आणि त्यांना सत्यासत्याची नव्हे, औचित्याची कसोटी लागते. दाद ही अशी कृती मानली, की 'खोटी दाद' हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो, फार तर 'अनुचित दाद' म्हणता येईल. पण भाषिक कृतींचा विचार करताना ऑस्टिन निर्णयपर उद्गारांचा एक स्वतंत्र वर्ग करतो, हे या सोयीच्या उत्तरात विसरले जाते. पंचाने 'बाद' म्हणणे ही कृती खरी, परंतु फलंदाज बाद असावा लागतो. दाद या वर्गात बसते की आशीर्वाद, आभार यांच्या वर्गात, हाच तर प्रश्न आहे. मैफलीचा संकेत तिला पहिल्या वर्गात ठेवतो. जाणत्याची दाद गायकाला मोलाची वाटते ती जाणता ती रोखूही शकतो म्हणून. जी कधीच रोखली जात नाही तिला काय मोल? त्या संध्याकाळी आमची दाद रोखली जाणे अशक्य होते. षड्ज लागो वा न लागो, ती यायचीच होती.

'अभिनवभारती'त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला असणे, हे चाहत्याच्या अवस्थेचे नेमके वर्णन वाटावे असे आहे. मी सभागृहात यमन ऐकायला आलो नव्हतो. माझ्या आयुष्यातल्या एका वर्षाला भेटायला आलो होतो. पण अडचण पुढे आहे. या विघ्नावर अभिनवगुप्त जे उपाय सांगतो त्यांत वाद्य, गान आणि मंडपाची शोभा यांचा समावेश होतो : सर्वांना सारखेच भोग्य असलेले हे विषय प्रेक्षकाला त्याच्या खाजगी दुःखातून बाहेर ओढतात. चाहत्याच्या बाबतीत मात्र गान हेच त्याचे खाजगी दुःख झालेले असते. औषध आणि रोग एकच. अभिनवगुप्तासमोर नाट्य होते आणि गान हे त्याचे उपकारक अंग होते. शिवाय त्या काळच्या प्रेक्षकाला एकच स्वरावली, तसूभर फरक न होता, शेकडो वेळा एकांतात ऐकण्याची सोय नव्हती. साधारणीकरणाच्या विरुद्ध जाणारी प्रक्रिया, म्हणजे सार्वजनिक स्वराचे खाजगीकरण, ही ध्वनिमुद्रणाची देणगी आहे. आपण सहजच 'आमचे बुवा' म्हणतो. या 'आमचे'मध्ये प्रेम किती आणि मालकी किती, हे कधी तपासत नाही.

गायकाने श्रोत्यांचे देणे कसे फेडावे याच्या कथा मराठीत विपुल आहेत. 'मानापमान'चा पहिला प्रयोग १९११ साली झाला त्याच दिवशी बालगंधर्वांचे अपत्य निवर्तले होते आणि तरीही ते भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. प्रेक्षकांना ते 'मायबाप' म्हणत. या संबोधनाकडे केवळ नम्रता म्हणून पाहिले जाते. मला ते अधिक गंभीर वाटते. आईबाप मुलाचा न्याय करीत नाहीत. प्रेक्षक मायबाप झाला, की दादेतला न्यायाचा अर्थ संपला आणि केवळ वात्सल्याचा अर्थ उरला. 'वन्समोअर'ची प्रथा याच नात्यातून समजून घ्यावी लागते. नाटकातली नायिका कोणत्याही संकटात असो, पद पुन्हा म्हटले गेलेच पाहिजे, हा हट्ट आईबापांचाच. आणि त्यात एक बारीक क्रौर्यही आहे : जे आत्ताच मिळाले तेच पुन्हा हवे, पुढचे नको.

बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात हे नाते कसाला लागले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि जुन्या संकेताचे दिवस भरले हे स्पष्ट झाले. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत पडद्यावर आले. त्यानंतर मात्र ते पुन्हा रंगभूमीकडे आणि स्त्रीभूमिकांकडे वळले; पन्नाशीत आणि तिच्याही पुढे. शरीर सुटले होते, आवाज थकला होता, आणि पर्याय उपलब्ध असतानाही प्रेक्षक येत होते. अखेरच्या वर्षांत पाय निकामी झाल्यावर बसून केलेले त्यांचे गाणेही लोकांनी ऐकले. १९६७ साली ते गेले. या कालखंडाविषयीच्या आठवणी वाचताना एक प्रतिपादन पुनःपुन्हा भेटते : प्रथम दर्शनी मन खट्टू झाले, पण त्यांनी पहिला आलाप घेतला आणि वय नाहीसे झाले, समोर पूर्वीचीच सिंधू, पूर्वीचीच भामिनी उभी राहिली.

अशा वाक्याचे समीक्षकाने काय करावे? ते भाबडे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण तसे केले तर आपल्या नाट्य-संगीताच्या इतिहासातला फार मोठा पुरावाच बाद होईल, कारण तो बहुतांशी भक्तांच्या साक्षीवर उभा आहे. त्याच्या जोडीला उरतात तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका. मला असे वाटते की, 'वय नाहीसे झाले' हे वाक्य बालगंधर्वांच्या गाण्याविषयी नसून साक्षीदाराच्या स्मृतीविषयी आहे, आणि त्या विषयापुरते ते विश्वसनीय आहे. ज्याने १९२० च्या सुमारास ऐकले होते त्याला १९४५ साली स्मृतीची भर घालून ऐकता आले. पण मग त्याच रात्री, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, पूर्वी काहीच न ऐकलेल्या विशीतल्या मुलाने काय ऐकले? त्याची साक्ष आपल्याकडे फारशी नोंदलीच गेलेली नाही. त्याने शेजाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी पाहिले असेल, आपल्यालाच कळत नाही असे मानले असेल आणि पुढे पन्नास वर्षे 'मी बालगंधर्व पाहिले आहेत' असे सांगितले असेल. परंपरा अशाही तयार होतात. हे मी उपहासाने म्हणत नाही. मी स्वतः तसाच एक साक्षीदार आहे.

वाल्टर बेन्यामिन यांनी यांत्रिक पुनर्निर्मितीच्या युगातील कलाकृतीविषयीच्या निबंधात असे प्रतिपादिले की, प्रतिकृती मुबलक झाल्या की मूळ कृतीभोवतीचे तेजोवलय क्षीण होते. चित्राबाबत काय व्हायचे ते होवो, माझ्या पिढीतल्या श्रोत्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले. वलय प्रतिकृतीनेच निर्माण केले. गावात राहणाऱ्याला गायक प्रथम भेटला तो कॅसेटमध्ये. प्रत्यक्ष मैफल हीच नंतर आली आणि ती प्रतिकृतीशी ताडून पाहिली गेली. मी पुण्याला मूळ पाहायला गेलो आणि मूळ हे माझ्या तिसऱ्या प्रतीची कमअस्सल नक्कल निघाले! माझ्या अश्रूंमध्ये दुःख होते, कृतज्ञता होती, आणि फसवणूक झाल्याची एक लहानशी तक्रारही होती, हे मला तेव्हा कबूल करता आले नसते. वाहवा करून मी ती तक्रारच दडपली.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस हजार लोकांसमोर तो षड्ज घ्यायला धजावतो, याचे काहीच मोल नाही काय? दाद त्या धैर्याला होती असे का मानू नये? मला वाटते, काही श्रोत्यांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण मग आपण गाण्याला नव्हे, चरित्राला दाद देत होतो. रसविघ्नांच्याच परिभाषेत सांगायचे तर, जे अप्रधान ते प्रधान झाले होते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्यविचाराच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची जी मांडणी केली आहे, तिच्यात ही दाद कोठे ठेवावी हे मला उमगत नाही. ती पूर्णतः लौकिक आहे, पण वेश अलौकिकाचा घेऊन येते. धैर्याचा गौरव करायचा तर तो मैफल संपल्यावर उभे राहून करता येतो. समेवर उठलेली वाहवा एकच गोष्ट म्हणते : स्वर लागला. आणि ते त्यांना उद्देशून म्हणण्यात, ज्यांना आपल्यापेक्षा अधिक पक्के ठाऊक होते की तो लागलेला नाही, दया असेल. आदर आहे असे मला म्हणवत नाही. प्लेटोच्या 'आयॉन'मध्ये तो पठणकार एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो : श्रोते हेलावलेले असताना मी मंचावरून त्यांच्याकडे बारकाईने पाहत असतो, ते रडले तर माझी मिळकत, हसले तर माझे नुकसान. सॉक्रेटिस त्याला दैवी आवेशाने झपाटलेला ठरवू पाहतो, पण झपाटलेल्याची नजर इतकी शाबूत नसते. मंचावरचा माणूस आपल्याला पाहत असतो, हे चाहता नेमके विसरतो.

आता त्या संध्याकाळचा उरलेला भाग सांगायला हवा. तो मला त्या संध्याकाळी कळलाच नव्हता.

बारा-तेरा वर्षांनी एका सहकाऱ्याच्या घरी, जुन्या कॅसेटच्या खोक्यात, त्या मैफलीचे खाजगी ध्वनिमुद्रण निघाले. प्रेक्षकांत बसून कोणीतरी लहान यंत्रावर ते केले होते; त्यामुळे गाण्याइतकेच खोकणे, खुर्च्यांची करकर आणि आमची दादही त्यात स्वच्छ ऐकू येते. फाटलेला षड्ज आला, वाहवा आली. ती अपेक्षेपेक्षा कितीतरी लांब आहे; पुढच्या आवर्तनाचा आरंभ तिच्यात बुडून गेला आहे. नंतर गायक पुन्हा निषादावर येतात. मागच्याप्रमाणेच धैवत, निषाद. सम जवळ येते तसा निषाद बारीक करत नेतात, आणि समेवर गप्प राहतात. तेथे, त्या मोकळ्या जागेत, तानपुऱ्याचा षड्ज ऐकू येतो, जो पहिल्यापासून वाजतच होता. पुढच्या आवर्तनात तेच, थोड्या निराळ्या वळणाने. तिसऱ्यातही. जो स्वर गळ्यातून निघत नव्हता तो त्यांनी तानपुऱ्यावर सोपवला होता आणि स्वतः त्याच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते. माझ्या कॅसेटमध्ये हे नव्हते. तेव्हा त्यांना याची गरजच नव्हती. एका अर्थी त्या दिवशीचे सारे गाणे या तीन-चार आवर्तनांत होते, आणि ते फाटलेल्या षड्जामुळेच घडले होते.

त्या आवर्तनांना कोणीही दाद दिलेली नाही. ध्वनिमुद्रणात त्या ठिकाणी कोणीतरी खोकतो, कोणीतरी हलक्या आवाजात वेळ विचारतो. मी पंधराव्या किंवा सोळाव्या रांगेत बसून तेव्हा काय करीत होतो ते मला पक्के आठवते. मी डोळे पुसत होतो आणि १९९४ सालच्या एका रात्रीविषयी विचार करीत होतो.

आयरिस मर्डोक यांनी सिमोन वेलकडून अवधानाची कल्पना घेऊन तिला नीतिविचाराच्या केंद्रस्थानी आणले. आपल्याहून वेगळे असे काही खरोखरच अस्तित्वात आहे हे ओळखणे फार कठीण असते, आणि प्रेम म्हणजे ते ओळखणे, अशी त्यांची भूमिका. या कसोटीवर माझी भक्ती प्रेम ठरत नाही, हे मान्य करणे मला जड जाते, पण दुसरा निष्कर्ष निघत नाही. समोर एक वृद्ध माणूस आपल्या मर्यादेशी झगडून काही नवे शोधत होता आणि मी त्याच्यात माझाच एक जुना प्रसंग पाहत होतो. अन्याय म्हटले की काहीतरी हिरावून घेणे आपल्याला दिसते. मी तर दिले होते, भरभरून दिले होते. फक्त चुकीच्या आवर्तनात. दाद मागण्याचा अधिकार त्या गायकांना होता आणि ती त्यांनी मागितलीही : समेवर गप्प राहून, एकदा नव्हे, तीनदा. ज्याच्यासमोर ती मागितली गेली तो न्यायाधीश नुकताच दान करून दमला होता.

हे सर्व लिहून झाल्यावरही एक शंका मला सोडत नाही, आणि ती लपविणे योग्य नव्हे. माझी ती चार वर्षांची आंधळी भक्ती नसती, तर ते खाजगी ध्वनिमुद्रण मी तासभर कान देऊन ऐकले असते काय? एखाद्या तटस्थ, न्यायी श्रोत्याने फाटलेल्या षड्जापाशीच यंत्र बंद केले असते. सभागृहातही अशी काही माणसे असणारच. त्यांनी दाद दिली नाही, ते त्यांच्या दृष्टीने योग्यच होते, आणि मध्यंतरानंतर ती उठून गेली असतील. त्यांना ती आवर्तने मिळाली नाहीत आणि पुढेही मिळणार नव्हती. मला ती मिळाली, पण बारा वर्षे उशिरा, आणि ज्यांना दाद द्यायची ते तोवर हयात नव्हते.

ते ध्वनिमुद्रण मी सहकाऱ्याकडून मागून घेतले. त्याची प्रत काढताना यंत्राचा वेग या वेळी आधी तपासून घेतला. पट्टी कोणती होती ते आता मला ठाऊक आहे.